मेजर हॅलमला दिग्दर्शक पाहिजे

एनिड ओगडेन पहिल्यांदा मेली ती शेरी वाइनच्या पेल्यात कालवलेल्या विषाने. दुसऱ्यांदा तिला समुद्रातल्या धक्क्यावरून ढकललं.

*

सॉल्टबी गावात लांब, काळी, चकचकीत गाडी एकच होती. तिच्या मागच्या भागात बसायची सोय नव्हती. निजायची होती.

*

दातांचे डॉक्टर हॅरल्ड प्रिंगल माणसाच्या तोंडात दोन्ही हातांची बोटं घालत आणि मग त्याचं मत विचारत. त्यामुळे त्यांना आयुष्यभर कुणी विरोध केला नाही.

*

सॉल्टबीत कुणी बिस्किटांची बशी पुढे केली तर आधी 'नको' म्हणायचं असतं. बशी दुसऱ्यांदा पुढे येते, तेव्हा 'बरं, एवढं म्हणताय तर' असं म्हणून एक उचलायचं. पहिल्याच खेपेला हात घालणाऱ्या माणसाची गावात पुढे बरीच वर्षं आठवण काढतात.

*

क्लिफर्ड ओगडेनचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर आहे. शिंप्याला हे माहीत आहे, बायकोला माहीत आहे. का ते कुणी विचारत नाही.

*

खांद्याचं कारण छत्री. सॉल्टबी हौशी चित्रपट मंडळ दर हिवाळ्याला एक हेरपट काढत असे, आणि दर हिवाळ्याला क्लिफर्ड कॅमेऱ्यावर छत्री धरून उभा राहत असे. उन्हाळ्यात धक्क्यावर पाहुण्यांची गर्दी, म्हणून शूटिंग हिवाळ्यात. आणि यॉर्कशरच्या किनाऱ्यावर हिवाळा म्हणजे काय, हे तिथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे, तीही बाहेर पडत नाहीत. स्वतः क्लिफर्ड भिजे. कॅमेरा कधी भिजला नाही. पडद्यावर त्याचं नाव 'सहायक दिग्दर्शक' असं येई. परवानग्या काढणं, हॅमची सँडविचं वाटणं आणि दिग्दर्शक हॅरल्ड प्रिंगलना 'वा, हॅरल्ड, काय कल्पना आहे' असं म्हणणं, ही इतर कामं.

सिनेमांचा नायक मेजर हॅलम. हा ब्रिटनचा हेर वर्षातून एकदा देश वाचवी आणि तो सॉल्टबीतच वाचवी. जगभरच्या शत्रूंना या गावाचं एवढं काय आकर्षण, असा प्रश्न कुणी काढला नाही. दुसऱ्या गावाला जायचं भाडं मंडळाला परवडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मेजरचं काम रेमंड थ्वेट करायचा. रेमंड गावातल्या मयतांची व्यवस्था बघे. त्याच्याकडे काळे सूट होते, काळी गाडी होती आणि समोर काहीही घडलं तरी न बदलणारा चेहरा होता. हेराला आणखी काय लागतं?

आणि अलीकडची अकरा वर्षं शत्रूची बाई एनिड. क्लिफर्डची बायको. दर वर्षी नवा टोप, नवं नाव, नवा देश, आणि शेवटच्या रिळात मरण. पाचव्या मरणात ती गेस्ट हाऊसच्या टबात बुडाली. पाणी थंडगार होतं, कारण वाफेने कॅमेऱ्याची काच धुरकटते असं हॅरल्डचं म्हणणं पडलं. घरी येताना तिचे दात वाजत होते. क्लिफर्डने आपला कोट तिच्या अंगावर घातला आणि म्हणाला, "माझ्या हातात असतं ना, तर मी तुला जगवली असती."

"लक्षात ठेवीन हां," एनिड म्हणाली.

तिने ठेवलं. पुढे आणखी सहा वेळा मेली, पण लक्षात ठेवलं.

*

अकराव्या मरणानंतरच्या सप्टेंबरात एनिडला मोठ्या गावच्या इस्पितळात दाखवलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला, पुन्हा पाकिटात घातला आणि म्हणाले, "आपण वसंतात बघू या, आपण कसे आहोत ते." यातल्या 'आपण'चा अर्थ दोघांनाही कळला. त्यावर बोलायची पद्धत नव्हती. गावात विचारणारे 'एनिड कशी आहे' असं विचारत आणि क्लिफर्ड 'आहे आपली' असं म्हणे, आणि मग दोघं हवेबद्दल बोलत.

इस्पितळातून परतताना गाडीत एनिड म्हणाली, "क्लिफ, एक सांगू? यंदा मला मरायचं नाही."

क्लिफर्डला गिअर बदलायचा होता, तो बदलायचा राहिला.

"सिनेमात म्हणतेय मी," ती म्हणाली. "शेवटी दारातून बाहेर पडायचं, आपलं चालत जायचं. एवढंच. हॅरल्डला विचारशील?"

"विचारतो की. योग्य वेळ बघून विचारतो."

क्लिफर्ड योग्य वेळेचा मोठा भोक्ता. वेळ त्याला सापडायच्या आधीच, ऑक्टोबरात, हॅरल्ड प्रिंगल वारले. दवाखान्यात, एका रोग्याचा दात कोरता कोरता, शेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या. रोगी होते ओगडेनांचे शेजारी मिस्टर टॅटरसॉल. तोंड उघडं, डोळे मिटलेले. डॉक्टर विचार करत असतील, मध्येच बोलणं बरं दिसत नाही, म्हणून टॅटरसॉल तसेच पडून राहिले. त्यांचा जबडा आखडला तेव्हा कुठे ते खाकरले.

"माझा अर्धा दात राहिला," पुढे ते कुंपणावरून सांगत. "वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण अर्धा दात राहिला."

*

सातवं मरण: विषारी काटा, टोपीच्या पिनेत लपवलेला. पिन खरीच टोचली. त्या वर्षीचा चेहरा लोकांना फार आवडला.

*

हॅरल्डचा अंत्यविधी आटोपल्यावर मंडळाची सभा तिथेच, मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये भरली. सगळे आयते जमले होते, काळ्या कपड्यांत होते, आणि हॉलचं भाडं एकदाच पडत होतं. अध्यक्ष मिसेस मॅरियन ग्रिमशॉ. त्यांचं लोकरीचं दुकान होतं, सभा चालवताना हातात विणकाम असे आणि वयाचा विचार न करता त्या सगळ्यांना 'बाळा' म्हणत.

"मेजर हॅलमचं पुढे काय, तेवढं ठरवून टाकू," त्या सुया न थांबवता म्हणाल्या. "क्लिफर्ड बाळा, तूच घे ना. तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतं?"

आता हे सांगायलाच हवं की क्लिफर्डने या क्षणाची तयारी चोवीस हिवाळे केली होती. दाढी करताना आरशासमोर केली होती. छत्रीखाली उभ्या उभ्या प्रत्येक दृश्य त्याने मनात वेगळं बसवलं होतं. आणि आता तर त्याला एकच दृश्य बसवायचं होतं: एनिड दारातून बाहेर पडते आणि चालत जाते.

त्याने बुटाच्या टोकाकडे बघितलं आणि म्हणाला, "छे हो, मिसेस ग्रिमशॉ. मी कसला दिग्दर्शक. माझ्यापेक्षा लायक माणसं कितीतरी आहेत."

झकास जमलं. आवाजात जेवढा संकोच हवा तेवढाच आला. पुढचं वाक्यही तयार होतं, 'बरं, तुम्ही सगळे एवढं म्हणताच आहात तर'. त्यासाठी त्याने श्वाससुद्धा घेऊन ठेवला होता. रेमंडची खुर्ची करकरली. मग चहा आला. साखर कुणाला, दूध कुणाला, तो कप चिरलेला आहे, हा घ्या. क्लिफर्ड श्वास धरून बसला होता तो अखेर सोडावा लागला.

कप खाली ठेवून मिसेस ग्रिमशॉ म्हणाल्या, "क्लिफर्डसारखी निरपेक्ष माणसं आता राहिली नाहीत. तेव्हा मी म्हणते, दिग्दर्शक निवडायची समिती त्याच्याच हाताखाली असू दे. ज्याला स्वतःला काही नको, तोच नीट निवडील."

सगळ्यांनी 'वा वा' केलं. इतिवृत्तात ओळ गेली: 'श्री. ओगडेन यांनी नकार दिला.' आणि सॉल्टबीत इतिवृत्तात गेलेली गोष्ट म्हणजे दगडावर कोरलेली. दगड निदान झिजतो.

घरी जाताना एनिडने विचारलं, "काय ठरलं? आत भांड्यांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही."

"मी नाही म्हणालो."

ती थांबली. हल्ली ती चढावर थांबायचीच, पण हे थांबणं निराळं होतं. "नाही म्हणालास?"

"पहिल्यांदा, एनिड. पहिल्यांदा नाही म्हणायचंच असतं."

"मग दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही."

दोघं थोडं चालले.

"मग उद्या दुकानात जा आणि सांग मॅरियनला की तुला हवंय."

क्लिफर्डने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्याला विजार न घालता बाजारात जायला सांगितलं होतं.

*

आता शेजाऱ्यांचे सल्ले. मिस्टर टॅटरसॉल गॅस कंपनीतून निवृत्त झालेले. कुंपण छाटायची कात्री हातात घेऊन ते रोज सकाळी कुंपणाशी उभे असत. कुंपण मात्र वाढतच होतं.

"मला यात अजिबात रस नाही," पहिल्या दिवशी ते म्हणाले. "पण मेजर हॅलमला गॅसचा वास येतो आणि तो काडी ओढतो, हे दोनदा झालंय. मला रस नाही, पण झालंय."

दुसऱ्या दिवशी: "कुणी मला विचारलं तर मी नाहीच म्हणेन. वेळ कुठाय."

तिसऱ्या दिवशी: "कुणी विचारलं का कुणाला?"

चौथ्या दिवसापासून क्लिफर्ड मागच्या दाराने जाऊ लागला. उंटावरून शेळ्या हाकणारा एक माणूस शेजारी असणं वेगळं आणि त्याच्या हाती आपल्या बायकोचं मरण देणं वेगळं.

समितीने पहिलं दार ठोठावलं ते बेरिल हॉयलचं. शाळेत नाटक शिकवायची. समिती म्हणजे क्लिफर्ड आणि रेमंड. मिसेस ग्रिमशॉ दुकान सोडू शकत नव्हत्या.

"छे, मला कुठलं जमतंय," बेरिल म्हणाली.

दुधाने पोळलेला क्लिफर्ड लगेच म्हणाला, "नाही, नाही, बेरिल, तूच घे."

"नको रे, खरंच नको."

क्लिफर्डने रेमंडकडे बघितलं. रेमंडचा चेहरा नेहमीसारखाच. दोनदा नाही म्हणजे खरंच नाही, असा हिशेब करून क्लिफर्ड उठला. बेरिलने दोघांना कोट आणून दिले, ते ज्या तऱ्हेने दिले त्यावरून तिच्या घरात पुन्हा चहा मिळणार नाही हे कळलं.

रस्त्यावर आल्यावर रेमंड म्हणाला, "नाटकवाल्यांत तीनदा विचारायचं असतं."

"मग आत का नाही बोललास?"

"समितीचा प्रमुख तू. मी मध्ये कसा बोलू?"

त्यानंतर पाद्री मिस्टर एल्फिक. ते म्हणाले, विचार करता येईल, पण त्या दुष्ट बाईला शेवटी पश्चात्ताप झाला पाहिजे.

क्लिफर्डच्या जिवात जीव आला. "म्हणजे ती जगेल?"

"छे. पश्चात्ताप झाल्यावर मरायला हरकत काय? उलट तेव्हाच मेलेलं बरं."

*

नववं मरण: चालत्या गाडीतून. गाडी रेमंडचीच. मागच्या दाराने बाहेर पडायला जागा भरपूर असते.

*

मग आला ग्लेन सॉर्सबी. लीड्सला टेलिव्हिजनमध्ये कॅमेरा चालवत होता, तिथली नोकरी गेली म्हणून तिशीत मावशीकडे येऊन राहिलेला. समितीने त्याला मिसेस ग्रिमशॉंच्या दुकानात बोलावलं, लोकरीच्या गुंड्यांमध्ये बसवलं. क्लिफर्डने खूप लांबून सुरुवात केली. मंडळाची परंपरा, हॅरल्डची आठवण, कामाचा व्याप. शेवटी म्हणाला, "तर तुमच्यासारख्या माणसाला यात रस असेल असं नाही, पण..."

"हो," ग्लेन म्हणाला.

मिसेस ग्रिमशॉंच्या सुया थांबल्या. हे पूर्वी कुणी बघितलं नव्हतं.

"हो म्हणजे?" क्लिफर्डने विचारलं.

"म्हणजे हो. आवडेल मला. कधीपासून सुरू करायचं?"

समोर बशीत आल्याची बिस्किटं होती. त्यातलंही एक त्याने न विचारता उचललं होतं.

माणूस नको म्हणतो तेव्हा काय करायचं, ते समितीला पक्कं ठाऊक होतं. हो म्हणणाऱ्याचं काय करतात, याची काही रीतच नव्हती. "तुमचं काय मत, मिसेस ग्रिमशॉ?" "आधी रेमंड बाळा बोलू दे." "मी काय, क्लिफर्ड म्हणेल तसं." क्लिफर्डला म्हणायचं होतं की अशा उतावळ्या, गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या माणसाच्या हाती मेजर हॅलम देता येणार नाही. पण तोंडावर कसं बोलायचं? म्हणून तो म्हणाला, "माझी काही हरकत नाही." ग्लेनने उठून तिघांचेही हात हातात घेतले. चोवीस हिवाळे ज्या जागेकडे क्लिफर्ड डोळे लावून होता, ती जागा एका बिस्किटाबरोबर गेली.

*

नगरपालिकेच्या किनारा विभागात धक्क्याचा परवाना दिग्दर्शकाच्या नावाने असतो. खिडकीमागचे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "नाव बदलायचं तर मिस्टर प्रिंगल यांनी स्वतः येऊन सही करायला हवी."

"ते वारले."

"अरेरे. केव्हा?"

"ऑक्टोबरात."

"मग परवाना त्यांनी सप्टेंबरातच परत करायला हवा होता."

क्लिफर्डला हे पटलं. त्याला पटलं याचंच त्याला नंतर वाईट वाटत राहिलं. शेवटी असं ठरलं की परवाना हॅरल्डच्याच नावे राहू द्यावा. धक्क्याचा पहारेकरी प्रत्येक वेळी विचारी, "मिस्टर प्रिंगल कुठायत?" आणि खोटं बोलता न येणारा क्लिफर्ड म्हणे, "ते आज येऊ शकले नाहीत."

येऊ न शकणारे आणखीही होते. तो हिवाळा वाईट होता. शूटिंग ठरलं की सकाळी रेमंडचा फोन: "क्लिफ, आज गाडी नाही मिळायची. बेकरीवाल्याची आई." मग ग्लेन चिडे आणि तारीख पुढे जाई. मग शाळेचे जुने हेडमास्तर. मग शेवटच्या गल्लीतल्या दोघी बहिणी, एकीमागून एक. गाडी देशाच्या शत्रूंचा पाठलाग करायला मोकळी होईना.

एनिडचा चढ आता अर्ध्यावरच संपत होता. रेमंड चहाला आला की ती म्हणायची, "रेमंड, माझ्या वेळी आधी क्लिफला तारीख विचार हां. नाहीतर शूटिंगचा खोळंबा व्हायचा."

"विचारीन," रेमंड म्हणे. त्याचा चेहरा बदलत नसे, पण चहा तसाच राही.

*

जानेवारीत क्लिफर्डने धीर केला. ग्लेनला घरी बोलावलं, स्वयंपाकघरात बसवलं. एनिड पुढच्या खोलीत गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसलेली. मधलं दार ढकललेलं, पण लागलेलं नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवणं ही कला सॉल्टबीत लहानपणापासून शिकवतात. क्लिफर्डने भांडं इतकं छान लपवलं की पुढे त्यालाही ते सापडेना.

"मी काय म्हणतो ग्लेन, दर वर्षी ती बाई मरतेच. लोकांना आता सवय झाली असेल, नाही?"

"अगदी बरोबर," ग्लेन म्हणाला.

क्लिफर्डला बरं वाटलं. "म्हणजे यंदा काही निराळं..."

"निराळंच करणारे. आत्तापर्यंत ती पटकन मरत आली, मिस्टर ओगडेन. धाडकन पडते, संपलं. यंदा मी तिचं मरण लांबवणार. गोळी लागते, ती उभी राहते, मग हळूहळू. चेहऱ्यावरच ठेवायचा कॅमेरा. तुम्ही तुमच्या मिसेसचा चेहरा बघितलात का यंदा? गालफडं बघा. डोळे बघा. रंगरंगोटी करायची गरजच नाही. असा चेहरा पैसे मोजूनही मिळत नाही."

त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. गावात कुणी सांगत नाही.

क्लिफर्ड उठला आणि कप विसळू लागला. एकच कप होता. तो बराच वेळ विसळत राहिला.

ग्लेन गेल्यावर आतून आवाज आला, "क्लिफ, त्याला डोळा आहे हां. हॅरल्डला नव्हता."

"एनिड, मी त्याला सांगतो. उद्या स्पष्ट सांगतो."

"नको. कसं सांगशील? त्या पोराला वाईट वाटेल."

*

दहावं मरण: बर्फात गोठून. बर्फ म्हणजे मीठ आणि पिसं. पिसांनी तिला शिंक आली, म्हणून पुन्हा मरावं लागलं.

*

फेब्रुवारीत एक दिवस गावात कुणी मेलं नाही, आणि शेवटचं दृश्य धक्क्यावर लागलं. वारा असा की समुद्र आडवा येत होता. एनिडच्या डोक्यावर लाल टोप, अंगावर मिसेस ग्रिमशॉंचा केसाळ कोट. आत माणूस आहे की नाही असं वाटावं इतका तो सैल बसला होता. धक्क्याच्या टोकापर्यंत ती प्रत्येक बाकावर टेकत गेली. पहारेकऱ्याने विचारलं, "मिस्टर प्रिंगल कुठायत?" क्लिफर्ड म्हणाला, "ते आज येऊ शकले नाहीत," आणि छत्री उघडून कॅमेऱ्यावर धरली.

ग्लेनने खूण केली. मेजर हॅलमने काळ्या हातमोज्यातलं पिस्तूल वर केलं आणि गोळी झाडली. आवाज टिकलीचा आला.

एनिड उभी राहिली. ग्लेन खूश झाला. असंच उभं राहायचं होतं. मग हळूहळू खाली जायचं होतं. ती जाईना.

"थांबू या," ग्लेन म्हणाला. "मिसेस ओगडेन, गोळी लागली तुम्हाला."

"नाही लागली."

"रेमंडने नेम धरून मारली की."

"रेमंडचा नेम कधीच नव्हता. दर वर्षी मीच सांभाळून घेत आले."

"खरं आहे," रेमंड म्हणाला.

ग्लेनने पटकथेचे कागद वाऱ्यात घट्ट धरले. "पण इथे लिहिलंय..."

"वाचलंय मी, राजा. मरायचं मला येतं. अकरा वेळा केलंय. यंदा मला चालत घरी जायचंय."

ग्लेनने तिच्याकडे बघितलं. ती गालफडं, ते डोळे त्याने पुन्हा बघितले, आणि या खेपेला त्याला ते कळले. त्याने क्लिफर्डकडे बघितलं. रेमंडनेही बघितलं. चोवीस हिवाळ्यांत पहिल्यांदाच धक्क्यावरची सगळी माणसं क्लिफर्ड काय म्हणतो याची वाट बघत होती.

त्याने छत्री कॅमेऱ्यावरून काढली. पावसाचे थेंब सरळ काचेवर बसले. तो छत्री घेऊन पुढे गेला आणि ती एनिडच्या डोक्यावर धरली.

"चल," तो म्हणाला. "सावकाश. फळ्या निसरड्या आहेत."

तिने त्याचा हात धरला. दोघं किनाऱ्याच्या बाजूला चालू लागले, बाकापाशी थांबत, पुन्हा चालत. मागे ग्लेनने कॅमेरा सुरू केला होता. आणि रेमंड थ्वेटने, हातातलं पिस्तूल खिशात घालून, जन्मभराच्या धंद्याच्या सवयीने, डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घातली.

*

एनिड एप्रिलात गेली. घरी, दुपारची. गाडी त्या दिवशी मोकळी होती.

*

मेमध्ये चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. शेवटी काचेवरच्या थेंबांतून लाल टोप घातलेली एक बाई आणि छत्री धरलेला, एक खांदा वर असलेला एक माणूस धक्क्यावरून लहान लहान होत गेले, आणि मेजर हॅलम शत्रूपुढे टोपी काढून उभा राहिला. दिवे लागले तरी कुणी हललं नाही.

"हा शेवट झाला का?" टॅटरसॉलांनी विचारलं. "मग ती गेली कुठे?"

"घरी," रेमंड म्हणाला.

लागलीच सभा. ग्लेनला लंडनला काम मिळालं होतं. मिसेस ग्रिमशॉंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "क्लिफर्ड बाळा, आता तरी तूच घे."

"नको," क्लिफर्ड म्हणाला.

त्याला खरंच नको होतं. दिग्दर्शक होऊन ज्याला जगवायचं ते माणूस राहिलं नव्हतं. आता मेजर हॅलमने कुणाला मारलं काय अन् सोडलं काय. पण बेरिल हॉयलने मधल्या काळात सगळ्या गावाला तीनदा विचारायचं शिकवून शहाणं केलं होतं.

"नाही म्हणू नकोस, बाळा," मिसेस ग्रिमशॉ म्हणाल्या. "आम्ही पुन्हा विचारतोय."

"नको, खरंच नको."

लोक एकमेकांकडे बघून मायेने हसले. क्लिफर्डने दाराकडे बघितलं. चहा आला असता तर विषय बदलला असता. पण यंदा चहाच्या पाळीला कुणी नव्हतं.

"तिसऱ्यांदा विचारते," मिसेस ग्रिमशॉ बेरिलकडे बघत म्हणाल्या.

"मिसेस ग्रिमशॉ," क्लिफर्ड उभा राहून म्हणाला, "मला नको आहे." एवढं सरळ वाक्य तो आयुष्यात बोलला नव्हता.

"किती हा विनय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या झाल्या. इतिवृत्तात ओळ गेली: 'श्री. ओगडेन यांनी आग्रहाखातर स्वीकारलं.'

बाहेर पाऊस होता. क्लिफर्डने छत्री उघडली आणि सवयीने उजवीकडे थोडी लांब धरली. रेमंड शेजारून चालत होता, पण त्या जागेत शिरला नाही. तो भिजत चालला.

*

ऑक्टोबरातल्या त्या सभेत रेमंड दुसऱ्यांदा विचारायला खुर्चीतून उठला होता. तेवढ्यात एनिड चहा घेऊन आली.